मागचं माणूस आलं की

बसथांब्याच्या बाकावरून ती उठली तेव्हा बस आली नव्हती. दूरवर दिसतही नव्हती. आला होता तो फक्त नवरा. दवाखान्याच्या दारापासून थांब्यापर्यंतचा फुटपाथ तो काय एवढासा, पण तेवढ्याला त्याला इतका वेळ लागला, की तिची औषधांची चिठ्ठी दोनदा वाचून झाली, समोरच्या दुकानातल्या बाईची काच पुसून झाली, एक कुत्रं येऊन तिच्या चपलेचा वास घेऊन गेलं. मग काठीचा रबरी ठोका जवळ आला, त्यामागून फरपटणारा डावा पाय आला, त्याच्याही मागून त्याचा श्वास आला. त्यानं उजवा हात बाकाच्या पाठीवर टेकला न टेकला तोच तिचे गुडघे सरळ झाले, कुणी खालून दोरी ओढल्यासारखे. "चला," ती म्हणाली. "कुठे?" तो म्हणाला. खरंच की, बसच आली नव्हती तर जायचं कुठे? पण ती आता उभी होती, पर्स काखेत होती, आणि तो बाकाकडे पाहत होता. पाणी प्यायला वाकलेल्या जनावरापुढून कुणी बादली उचलावी आणि त्यानं पाहावं, तसं. तिच्या पोटात काहीतरी कोमट, गोड उतरलं. "पुढच्या थांब्यापर्यंत चालू," ती म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?" त्यानं बाकावरचा हात काढला आणि काठी पुढे टाकली.

ते गोड काय होतं, हे तिला घरी भाजी चिरताना कळलं, आणि कळलं तेव्हा सुरी हातात तशीच राहिली. नियम त्याचा होता. शहराच्या मागे डोंगर, डोंगरातून तीन ओहोळ, त्या तिघांची मिळून ती नदी, आणि नदीचं पाणी बंधाऱ्यावरून त्याच्या पंपघरात. पंपघरात त्याची नोकरीची वर्षं गेली, तसे सगळे रविवार त्या डोंगरात गेले. "वर पडलेला थेंब न थेंब आपल्या नळाला येतो," तो म्हणायचा, "त्या थेंबाबरोबर जो चालला नाही त्यानं तोटी उघडू नये." बंधाऱ्यापासून पहिल्या पुलापर्यंत सपाट वाट, लेकुरवाळ्यांची. तिथून दुसऱ्या पुलापर्यंत ओढ्याकाठचा चढ. पुढे घळ, साखळी धरून चढायची. वर कुरण, कुरणाच्या टोकाला झरा, आणि झऱ्याच्याही वर ती डोंगराची धार, जिथं पाणी वाटलं जातं, इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे. दगडांवर पिवळे पट्टे त्यानंच मारले, चालणाऱ्यांचं मंडळही त्यानंच काढलं. थांबे ठरवून दिले आणि नियमही घालून दिला: पुढचे पोचले की बसायचं, आणि मागचं माणूस आलं की उठायचं. नवी माणसं आली की तो छाती काढून सांगायचा, "आमच्यात मागच्याला टाकून जायची पद्धत नाही." नवी माणसं माना डोलवायची. काय ही माणुसकी! मागचं माणूस म्हणजे ती. लग्न झाल्यापासून, तीसेक वर्षं, तीच. तिचे पाय आखूड, छाती लहान, त्याला काय करणार? ती वळणावर दिसली रे दिसली की कुणीतरी ओरडायचं, "आल्या, आल्या वहिनी!" आणि सगळे मागची माती झटकत उठायचे. त्यांचा घाम वाळलेला असायचा. ज्यांना दम लागलेला नाही त्यांनी बसून घ्यायचं आणि जिचा जीव कंठाशी आलाय तिनं चालतच राहायचं, हा हिशेब इतका साधा होता की तो कुणाच्या डोक्यातच आला नाही. संत्री सोलून खाऊन झालेली असायची. तिच्या वाट्याला सालींचा वास. कुणी दयाळू असलं तर एक फोड ठेवायचं, ती चालता चालता खायची आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा. किल्ल्या बनवणारा एक होता मंडळात, गोड बोलणारा, तो म्हणायचा, "वहिनी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. तुम्ही नसता तर दादांनी आम्हाला बसू दिलं असतं का हो?" आणि हे खरंच होतं. एकदा ती ताप आला म्हणून घरी राहिली, तर संध्याकाळी नवरा येऊन बूट काढता काढता कुरकुरला, "आज कुठं टेकायलाच मिळालं नाही."

एकदाच ती म्हणाली होती. पहिल्याच वर्षी, दुसऱ्या पुलावर. पुलाचा कठडा गार होता, त्यावर तिनं दोन्ही हात ठेवले, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जरा बसू दे ना." तोवर ती त्याला एकेरी हाक मारायची, चोरून, दोघंच असताना. त्या दिवशी चारचौघांत तोंडून गेलं. तो हसला, रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बसलीस की पाय आखडतील. आणि मागच्याला बसायची सवय लागली ना, की तो कायमचा मागचा होतो." असं म्हणून त्यानं पाठ फिरवली. पाठीवर घामाचा एक पानासारखा डाग होता, आणि तो डाग लांब जात जात झाडांत दिसेनासा झाला. त्यानंतर ती त्याला अहो म्हणायला लागली, आणि बसू दे असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

मग मुलगी झाली. मुलगी कडेवर असेतो निदान मागं राहायला कारण होतं. मुलगी चालायला लागली आणि बापाच्या पायांवर गेली. चार वर्षांची चिमुरडी, पण पुढच्यांबरोबर उड्या मारत जायची. घळीच्या वरच्या थांब्यावरचा तो एक दिवस. ऊन माथ्यावर, साखळी तापलेली, तिच्या तळहातांना गंजाचा वास. ती शेवटच्या दगडावरून डोकं वर काढते तो समोर पोरगी बापाच्या मांडीवर, तोंड संत्र्यानं माखलेलं, आणि तिला पाहताच टाळ्या पिटत उभी राहिली, "शेपूट आलं! उठा, उठा, शेपूट आलं!" काय हशा पिकला. मंडळात औषधाच्या दुकानात काम करणारी एक बाई होती, ती तर हसून हसून खोकायला लागली. नवऱ्यानं पोरीच्या पाठीवर थाप मारली. तीही हसली. दम लागलेला असताना हसलं की बरगड्यांत कळ येते, ती कळ तिला आजही जागेसकट आठवते, उजव्या बाजूला, खालून दुसरी बरगडी. मुलगी आता परदेशी असते आणि फोनवर विचारते, "आई, गुडघे कसे आहेत?"

तिचं काम कवळ्या करण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, तोंड तयार होतं. मग मेणाच्या हिरड्या, मेणात एकेक दात. दिवसभर तिच्यासमोर लोकांची तोंडं उघडी पडलेली असतात आणि एकही बोलत नाही. साच्यावरून तिला माणूस कळतो, निदान झोपेत तो काय करतो ते कळतं. रात्री दात खाणाऱ्यांचे दात वरून सपाट होतात, जात्याच्या तळीसारखे. कधीतरी गंमत म्हणून तिनं स्वतःच्या तोंडाचा साचा घेतला होता. प्लास्टर वाळल्यावर पाहिलं तर दाढा सपाट, सुळेही बोथट. मालक शेजारून म्हणाले, "हे कुणाचं हो बाई? नवऱ्याचा जाच दिसतोय!" ती म्हणाली, "असेल कुणाचं तरी," आणि तो साचा तिनं फोडून टाकला.

नवऱ्याला झटका आला तो दाढी करताना. ती न्हाणीघराच्या दारात गेली तेव्हा तो स्टुलावर बसला होता, अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल गुळगुळीत, आणि आरशातल्या स्वतःकडे पाहून काहीतरी समजावून सांगत होता, पण शब्दांचं पीठ झालं होतं. बोलणं महिन्याभरात परत आलं. डावा हात अर्धा परत आला. डावा पाय आला नाही. म्हणजे आला, पण उसना आणल्यासारखा. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "चालवा त्यांना. पण दमले की लगेच बसवा. बसवत बसवत चालवा. समजलं ना?" ती समजलं म्हणाली. चांगलं समजलं होतं.

बाकाच्या प्रसंगानंतर पहिलाच रविवार आला आणि ती आपणहून म्हणाली, "नदीवर जाऊ या का?" त्याचे डोळे भरून आले. झटक्यानंतर त्याचे डोळे कशानंही भरायचे. त्याच्या मनात एकच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं: पानं गळायच्या आधी मंडळाची मोठी चाल असते, धारेपर्यंत, आणि ती आजवर त्याच्याविना गेली नव्हती. त्याला तिथं जायचं होतं. स्वतःच्या पायांनी, पुढे नसला तरी स्वतःच्या पायांनी. ती बंधाऱ्यापासून पुढे निघाली. एवढी पुढे ती आयुष्यात कधी चालली नव्हती. समोर कुणाची पाठ नाही, नुसती वाट. कुणाच्या पायांनी न उडालेली धूळ जागच्या जागी, दंव तसंच. मोडक्या पाणचक्कीपाशी पहिला थांबा. ती बसली. सपाट दगडाचा गारवा लुगड्यातून मांड्यांना लागला आणि तिला वाटलं, असं असतं होय हे. पाय लांब केले. संत्रं सोललं. इतक्या वर्षांनी कळलं की इथं बसलं की ओढ्याचा आवाज दोन्हीकडून येतो. चालताना तो कधी ऐकूच आला नव्हता, चालताना फक्त स्वतःची छाती ऐकू येते. अगदी सावकाश तिनं संत्रं खाल्लं, बिया एकेक करून पाण्यात टाकल्या. मग वळणावर काठी दिसली. मग तो. चेहरा लालबुंद, डावी पापणी ओघळलेली. तो जवळ आला, दगडाकडे त्यानं हात केला. ती उठली, लुगडं झटकलं. "पाय आखडतील," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली, खोटं का सांगा, आवाजात साखरच होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. तो आता म्हणणार, म्हणायलाच हवं, छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती त्याची. दोनच शब्द. ते ऐकले की ती त्याचा हात धरून त्याला बसवणार होती, पाणी देणार होती, दुसरं संत्रं पिशवीत होतंच. पण तो म्हणाला, "बरोबर." आणि काठी पुढे टाकली.

तेव्हापासून ती त्या शब्दांसाठी जगायला लागली म्हटलं तरी चालेल. इतर बायका नवऱ्याकडून काय काय मागतात. हिला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा "बसू दे" म्हणावं. मग आपण क्षमा करू, असंही तिला वाटायचं. त्या क्षमेचं दृश्य तिनं पुन्हा पुन्हा मनात रचलं होतं, मेणात दात बसवावेत तसं, थोडं पुढे, थोडं आत. रविवारमागून रविवार. पहिल्या पुलापर्यंत, मग त्याच्या पुढच्या वळणापर्यंत, मग करवंटीसारख्या त्या खडकापर्यंत. ती पुढे जायची, बसायची, खायची, आणि तो आला की उठायची. त्याची पिशवी तिनं कधी घेतली नाही, त्यानंही तिची कधी घेतली नव्हती. समोरून येणारी अनोळखी माणसं थबकून म्हणायची, "बाई, जरा बसू द्या त्यांना." ती म्हणायची, "डॉक्टरांनी सांगितलंय." सोमवारी कामावर तिच्या तोंडातून आपोआप गाणं यायचं. मालक म्हणाले, "काय बाई, नवरा बरा होतोय वाटतं?" ती म्हणाली, "होतोय की. रोज थोडा थोडा." तिला गाढ झोप लागायला लागली. आणि त्याच झोपेत कधीतरी मध्येच तिला जाग यायची, शेजारी त्याचा सुजलेला पाय उशीवर ठेवलेला दिसायचा, तळव्याला फोड, फोडावर तिनंच लावलेलं मलम, आणि तिला स्वतःची भीती वाटायची. भीती वाटायची पण कीव यायची नाही. कीव शोधायला ती आत हात घालायची तर हाताला ती बरगडीतली कळच लागायची. फोनवर मुलगी रडली. "आई, बाबा सांगत होते, तू त्यांना पुलापर्यंत चालवलंस. किती करतेस गं तू त्यांच्यासाठी!" ती म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठी केलं तेवढंच करते."

मोठ्या चालीच्या आधी किल्लीवाला आणि औषधवाली बाई, दोघं घरी आली. किल्लीवाल्याकडे आता मंडळ होतं. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो सांगत होता, "दादा, यंदा कुरणापर्यंत गाडी ठरवलीय. तिथून झरा आणि धार, एवढंच चालायचं. आणि थांबे दुप्पट." औषधवाली म्हणाली, "आणि दादा आले की कुणी उठायचं नाही. त्यांच्याबरोबर सगळ्यांनी पुन्हा बसायचं. त्यांचा दम जाईस्तोवर." तिनं चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला. तिनं विचारलं, "हा नियम कधी झाला?"

"आजच, वहिनी," किल्लीवाला म्हणाला. "अहो, माणूस आजारी आहे. मागच्याला विसावा नको का मिळायला?"

"हवा की," ती म्हणाली.

"तुमचीपण सोय झाली बघा आयती!" तो हसला. औषधवालीही हसली. नवरा खाली मान घालून बसला होता. तिला वाटलं आता तो म्हणेल, नियम म्हणजे नियम, मला सूट नको. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं जो नियम दगडावर कोरल्यासारखा होता, तो चहाचा एक कप निवायच्या आत पुसला गेला. म्हणजे तो दगडावर नव्हताच. तिच्यावरच होता.

कुरणावर वारा होता. गाडीतून उतरून सगळे निघाले, तीही निघाली, आणि ती मागे नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. रविवारांनी तिचे पाय तयार झाले होते, त्याच्यापेक्षा तिचेच जास्त. मेंढपाळांच्या दगडी खोपटापाशी थांबा. सगळे बसले, कुणी संत्री काढली. खूप वेळानं तो आला. "बसा दादा, बसा बसा," असा गजर झाला, अंथरलेली घोंगडी पुढे आली, औषधवालीनं पाण्याची बाटली उघडून धरली. कुणी उठलं नाही. त्यानं घोंगडीकडे पाहिलं, त्याचा उजवा गुडघा वाकायला लागला, आणि तेव्हा ती उठली. एकटीच. लुगडं झटकलं आणि चालायला लागली. "अहो वहिनी! आता कुठं?" किल्लीवाला ओरडला. तिनं मागं पाहिलं नाही. झऱ्याची वाट गवतातून जाते, तिथं पाय वाजत नाहीत, म्हणून मागचं सगळं नीट ऐकू येतं. मागं जरा कुजबूज, मग त्याचा आवाज, "नाही, बसत नाही," आणि मग काठी. रबर गवतात वाजत नाही पण दगड लागला की ठक करतं. ठक. ती थोडी जोरात चालली. ठक. झऱ्यापाशी ती थांबली नाही, ओंजळभर पाणी उभ्यानंच प्यायली. झऱ्याच्या वर चढ आहे, मुरुमाचा, पाऊल टाकलं की अर्धं मागं येतं. आता त्याचा श्वासही ऐकू येत होता, फाटका, मध्येच शिट्टी वाजल्यासारखा. थांबून वळलं असतं तर हात देता आला असता. तिला एकदा वाटलं, वळावं. त्याच पावलाला तिला हेही वाटलं की आज तो म्हणेल, इथंच म्हणेल, या चढावर न म्हणता कुणाची सुटका नाही, आपल्याला ठाऊक आहे. आणि ती चालत राहिली.

धार म्हणजे काही मोठी जागा नाही. दगडांची एक रांग, दोन्हीकडे उतार, एकीकडे आपली नदी, दुसरीकडे दुसऱ्या कुणाची. ती एका दगडावर टेकून उभी राहिली. तो आला. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर, बाही घामानं चिकटलेली. त्यानं दोन्ही हात काठीवर ठेवले आणि तो हसला. अर्धंच तोंड हसतं आता त्याचं, पण तेवढ्या अर्ध्यात पूर्वीचा सगळा माणूस होता. "शिकलीस," तो म्हणाला. "शेवटी शिकलीस बघ तू. ते सगळे मला म्हातारा करायला बसले होते घोंगडी घालून. तुझ्यामुळे आलो. तू उठलीस म्हणून आलो."

"मी शिकवायला नाही उठले," ती म्हणाली. तिचा आवाज तिला कुणा दुसरीचा वाटला. "तुम्हाला छळायला उठले. इतके रविवार तुम्हाला छळत होते मी. कळत नाही तुम्हाला? दम लागतो ना? मग म्हणा. एकदा म्हणा, बसू दे. मी काही करणार नाही. नुसतं म्हणा."

तो तिच्याकडे बघत राहिला. समजून घ्यायचा खराखुरा प्रयत्न करत होता तो, कपाळाला आठी घालून, पंपघरातलं एखादं यंत्र बिघडलं की पाहायचा तसा. मग आठी सुटली. "मी कशाला म्हणू?" तो म्हणाला. "तू म्हणालीस का कधी? इतकी वर्षं सगळ्यांच्या मागून आलीस, पण एकदाही बसू दे म्हणाली नाहीस. सगळ्यांना सांगायचो मी. याचा किती अभिमान होता मला, वेडे."

पुलाचा गार कठडा तिच्या तळहातांखाली आला आणि गेला. ती बोलायला तोंड उघडत होती. तेवढ्यात त्याचा डावा पाय, जो उसनाच होता, दोन दगडांच्या मध्ये गेला. वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तो तिच्यावर आला, सगळा, आयुष्याच्या वजनासकट. त्याला धरायला गेली ती खाली आणि तो तिच्यावर. तिच्या गुडघ्यात काहीतरी उलट फिरलं. मागची माणसं धापा टाकत पोचली तेव्हा दोघं एकमेकांच्या अंगाखालून सुटायची धडपड करत होती, आणि तो ओरडत नव्हता, फक्त घोटा कुठल्या कुठे वळला होता त्याच्याकडे कौतुकानं पाहत होता. "मोडला की रे," तो म्हणाला. "धारेवर मोडला. खाली नाही."

मेंढपाळांच्या खोपटात अडीअडचणीला ठेवलेलं कापडी स्ट्रेचर होतं, मंडळातले दोघेजण धावत जाऊन ते घेऊन आले. त्याला घातलं, पट्ट्यांनी बांधलं. चार जणांनी उचललं, चार बदलीला. "दादा, राजासारखे चाललात!" किल्लीवाला म्हणाला, आणि सगळे हसले, कारण भीती ओसरली होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. तिनं त्याची काठी उचलली, त्याची पिशवी उचलली, आपली उचलली आणि ती निघाली. मुरुमाच्या उतारावर गुडघा दर पावलाला आत वळत होता. तिनं त्याची काठी टेकून पाहिली, ती तिला उंच पडत होती. खालची माणसं लहान होत गेली. त्यांच्यामध्ये ते कापड, कापडावर तो, आणि कापडाबाहेर आलेला त्याचा उजवा हात, वाट दाखवणारा. असं उतरू नका, इकडून, पिवळ्या पट्ट्याकडून.

झऱ्यापाशी त्यांनी त्याला खाली ठेवलं. खांदे चोळले, पाणी प्यायले, कुणी ओणवं होऊन कंबर मोकळी केली. ती वरून पाहत होती. झऱ्याच्या काठी गवत दाट आहे, तिथं जाऊन पडायचं, गुडघा पाण्यात घालायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. एका हातात त्याची काठी, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, तोंडात लोखंडासारखी चव. पाण्याचा आवाज आला. गवत आलं. तिच्याकडे पहिल्यांदा त्याचं लक्ष गेलं. झोपल्या झोपल्या त्यानं मान वळवली, हात वर केला आणि हसून म्हणाला, "आली. उचला."

माणसं उठली. किल्लीवाल्यानं दांड्याला हात घातला आणि तिचा चेहरा पाहून तो थबकला. "दादा," तो म्हणाला, "वहिनींना जरा बसू द्यायचं का?"

"नको," तो म्हणाला. "तिला सवय आहे."